अस्थिर कोण?

'स्था' या संस्कृत धातूचा अर्थ उभे राहणे. त्यावरून 'स्थिर' हा शब्द झाला. जे स्थिर नाही ते 'अस्थिर', आणि त्या अवस्थेचे नाव 'अस्थिरता'. या अर्थाचे शब्द मराठीत पुष्कळ आहेत. परंतु प्रत्येकाची जागा वेगळी आहे. मन चंचल असते, पाया डळमळीत असतो. 'दोला' म्हणजे झोका. म्हणून दोन विचारांत हेलकावे खाणारा मनुष्य दोलायमान होतो. हाती घेतलेले काम वारंवार सोडून देणे ही धरसोड होय.

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या परिसरात शेतकरी आल्याची लागण करतात. आल्याचे भाव अस्थिर असतात. भाव कोसळल्यामुळे एखाद्याने पुढील वर्षी घेवडा पेरला, तर ती त्याची धरसोड म्हणावी काय? छे! तेथे बाजार अस्थिर असतो, शेतकऱ्याचे मन नव्हे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपाने याच जिल्ह्यातील घरांच्या भिंती डळमळल्या. त्यात राहणाऱ्यांचा काय दोष?

म्हणून असा शब्द योजण्यापूर्वी नेमके काय अस्थिर आहे, ते पाहावे. शब्द चुकला की दोष भलत्याच्याच माथी बसतो.