पत्रकावर पाहुण्यांची नावं, पण पेशंटनं यायचं कुठं?

मंडळी, आज इथं कोंढ्यात आपल्याला विषय दिलाय तो असा: सेवाभावी क्लबांनी आपल्या कामाची प्रसिद्धी करावी का, आणि करायची तर कशी. 'करावी का' हा भाग आम्ही लवकर उरकतो. विदर्भात हा विषय निघाला की कुणीतरी गाडगेबाबांचं नाव घेऊन म्हणतंच, सेवा मुकाट्यानं करावी. पण बाबा गावात आले की खराटा घेऊन सगळ्यांदेखत झाडायला लागायचे आणि रात्री कीर्तनात त्यावरच बोलायचे. स्वतःची जाहिरात त्यांनी केली नाही, स्वच्छतेची मात्र जन्मभर केली. एवढा फरक ध्यानात ठेवला की पुरे.

आता करायची कशी, ते बघू. डोळ्यांच्या शिबिराचं एखादं पत्रक डोळ्यांसमोर आणा. वर क्लबचं चिन्ह, खाली उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, विनीत. अर्धं पत्रक त्यातच गेलं. तळाशी बारीक अक्षरात तारीख आणि 'लाभ घ्यावा'. आता मोतीबिंदू झालेली म्हातारी बाई हे पत्रक नातवाकडून वाचून घेते. तिचे प्रश्न वेगळे असतात. ऑपरेशन इथंच की भंडाऱ्याला, नागपूरला? गाडी कोण देणार? सोबत एक माणूस चालेल का? बीपीच्या, साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्या आणायच्या का? नंतर थेंब किती दिवस घालायचे, आणि पुन्हा दाखवायला कुठं जायचं? यातल्या एकाचंही उत्तर पत्रकात नसतं. मग ती येत नाही, आणि आपण म्हणतो लोकांना किंमत नाही. तारीखही तशीच. धानाच्या रोवणीत शिबिर ठेवलं तर बांधावरून कोण उठून येणार?

लायन्सचं डोळ्यांचं काम वाढलं तेच एका जाहीर भाषणातून. ३० जून १९२५ ला अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट इथं त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर बोलल्या. स्वतः अंध, ऐकूही येत नव्हतं. त्यांनी सभासदांना अंधांच्या बाजूनं उभं राहायला सांगितलं. क्लबचं कौतुक करायला त्या आल्या नव्हत्या, काम सांगायला आल्या होत्या. रोटरीचंही गमतीशीर आहे. १९०५ साली शिकागोत निघालेल्या या क्लबनं दोनच वर्षांनी पहिलं सार्वजनिक काम हाती घेतलं ते संडास-मुतारीचं. फीत कापून फोटो काढावा असं ते काम नव्हतं, पण शहराला त्याची गरज होती.

प्रसिद्धी नीट झाली की काय होतं, त्याचा आपल्या देशातला मोठा दाखला पोलिओचा. रोटरीनं १९८५ मध्ये जगभरासाठी पोलिओप्लस मोहीम सुरू केली. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, आशाताई, अंगणवाडीताई, सगळेच पुढं त्यात होते. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले होते. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. त्या प्रचारात काय होतं? कोणत्या रविवारी, कोणत्या बूथवर, किती वयाचं मूल, दोन थेंब. आणि थेंब घेतलेल्या लेकराच्या करंगळीला शाई. कोणतं मूल राहिलं ते त्या शाईवरून कळायचं, आणि शेजारच्या आईला ती बघून आपल्या बाळाची आठवण व्हायची. आम्हाला ही शाई आजवरची सगळ्यात हुशार जाहिरात वाटते.

रक्तदानाचं गणित आणखी वेगळं आहे. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त ५ दिवस. पुरुषाला एकदा दिल्यावर तीन महिने, बाईला चार महिने थांबावं लागतं. आपण काय करतो? पुढाऱ्याचा वाढदिवस, जयंती, पुण्यतिथी, अशा मोजक्या दिवशी गर्दी जमवतो आणि 'इतक्या पिशव्या' म्हणून बातमी देतो. मे महिन्यात कॉलेजं बंद, ऊन कडक, तेव्हा रक्तपेढीत चणचण. ज्या सिकलसेलच्या किंवा थॅलेसेमियाच्या पोराला वारंवार रक्त लागतं, त्याला जयंतीच्या पिशव्यांचा मे महिन्यात काय उपयोग? म्हणून बातमीत मागच्या शिबिराच्या आकड्याइतकीच पुढच्या शिबिराची तारीख ठळक पाहिजे.

सिकलसेलचं नाव निघालं म्हणून एक कडक गोष्ट सांगतो. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्राची निर्मूलन मोहीम चालू आहे, तपासण्या वाढल्यात. क्लबही शिबिरं घेतात. पण तपासणीला बसलेल्या पोरीचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटात गेला, की तो सोयरिकीपर्यंत पोचतो. नुसती वाहक असली तरी बोलणी थांबतात. पुढच्या वेळी तिची बहीण तपासायला येईल का? धान्याच्या किटचंही तेच. घेणाऱ्याचा चेहरा, देणाऱ्याचे सात हात. शहरात तो चेहरा हरवून जातो, कोंढ्यात हरवत नाही. फोटो हवाच असेल तर रांगेतल्या खुर्च्यांचा काढा, डॉक्टरच्या हाताचा काढा. नाहीतर माणसाला विचारा, आणि शिबिर संपल्यावर विचारा. तपासणीच्या आधी विचारलेल्या प्रश्नाला गरजू माणूस 'नाही' म्हणू शकत नाही.

पैशाचं थोडक्यात. वर्गणी किती जमली, गाडीला किती गेली, चष्म्यांना किती, किती उरले, एवढा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला तर बातमीपेक्षा जास्त लोक वाचतात. ऐंशी-जी ची पावती देणाऱ्या संस्थेनं हेही आधीच सांगावं, की २,००० रुपयांवरची रोख देणगी करसवलतीत धरत नाहीत.

आता जागा. भाऊबीजेनंतर आपल्याकडं गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी असतात, पाहुणे आलेले, दुपारी बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. एवढी माणसं एका जागी पुन्हा वर्षभर दिसत नाहीत, आणि तेव्हा तिथं क्लबाचा एकही माणूस नसतो! एक टेबल टाका. कुणाला दिसत कमी आहे, कुणाचं ऑपरेशन राहिलंय, रक्तगट कोणता, वहीत लिहून घ्या. वही क्लबाच्याच हातात राहू द्या. नाटकाच्या मध्यंतरात माइक मिळाला तर दोनच मिनिटं बोला: दिवस, जागा, गाडी सुटायची वेळ, सोबत काय आणायचं, आणि कुणाला फोन करायचा.