धंद्याआधीचा फॉर्म

पावसाचा जोर ओसरला की मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात नव्या हंगामाचे बेत सुरू होतात. कुणी मागच्या दोन खोल्या न्याहारी-निवासासाठी रंगवून घेतो, तर कुठे दोघी-तिघी मिळून कोकम आगळ, मालवणी मसाला, जवळ्याची चटणी विकायचे ठरवतात. पैसा बहुधा आखातातून आलेला असतो, नाहीतर बचत गटाच्या कर्जाचा. हल्ली त्याआधी एक गोष्ट घडते. घरातली कॉलेजात जाणारी मुलगी मोबाईलवर गूगल फॉर्म तयार करते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सोडते. ‘आम्ही हा व्यवसाय सुरू करतोय, कृपया दोन मिनिटे द्या.’ आमच्या माजी विद्यार्थिनी असे फॉर्म दाखवायला आणतात, तेव्हा आम्हाला बरे वाटते. शेजाऱ्याने केले म्हणून आपणही करायचे, यापेक्षा आधी विचारून घेणे केव्हाही शहाणपणाचे.

पण हा फॉर्म जातो कुठे? आधी खानदानाच्या ग्रुपवर, मग मोहल्ल्याच्या, मग दुबई-कुवेतमधल्या नातलगांच्या. तिथे चाचा, खाला, फूफी सगळे ‘नक्की घेऊ’वर बोट ठेवतात. पोरीचे मन कोण मोडणार? आगळाची बाटली मात्र विकत घेणार आहे कोल्हापूर, पुणे, बेळगावहून आलेला पर्यटक, आणि त्याने हा फॉर्म पाहिलेलाच नसतो. शंभर उत्तरे आली तरी ती शंभर आपल्याच माणसांची.

ही चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने टपालाने सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या. चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने लँडन जिंकणार असे छापले, आणि प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले! पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे असणार? शिवाय ज्यांनी उत्तरच पाठवले नाही, त्यांचे मत कळलेच नाही. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्यामानाने अगदी थोड्या, पण निरनिराळ्या थरांतल्या लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालच्या ताग पिकाचा अंदाज निवडक शेतांची पाहणी करून काढला आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण उभे राहिले. संख्या किती यापेक्षा माणसे कोणती, हे महत्त्वाचे.

म्हणून क्यूआर कोड छापा आणि जिथे खरा गिऱ्हाईक थांबतो तिथे लावा. किल्ल्याच्या होडीची वाट पाहतात ती जागा, ओळखीच्या खानावळीचे टेबल, खोलीतला आरसा. परवानगी तेवढी आधी घ्या. फॉर्म मराठीत असावा, जोडीला इंग्रजी आणि जमल्यास कन्नड. प्रश्न सात-आठच ठेवा. उन्हात उभा माणूस पंधरा प्रश्न वाचत नाही.

प्रश्न कसा विचारावा, यात तर सगळी मेख आहे. ‘घरगुती, शुद्ध, चविष्ट कोकम आगळ तुम्हाला आवडेल का?’ याला नाही कोण म्हणेल? त्याऐवजी ‘या सहलीत खाण्याची कोणती वस्तू घरी न्यायला घेतली? किती रुपयांची?’ असे विचारा. पुढे काय करू हे माणूस तोंडदेखले सांगतो; काल काय केले ते बहुधा खरे सांगतो. खोल्यांसाठीही तसेच. ‘हलाल जेवण हवे का?’ यापेक्षा ‘मागच्या मुक्कामात जेवण कुठे घेतले आणि का?’ यातून जास्त कळते. फॉर्म पाठवण्याआधी पाच-सहा अनोळखी माणसांकडून समोर भरून घ्या. कुठे अडखळतात ते पाहा आणि तो प्रश्न बदला.

आता आपल्या बायकांचे. कितीतरी घरांत फोन मुलाच्या हाती असतो. बाजारातल्या मासळीवाल्या, वयस्कर भाभी, यांच्यापर्यंत लिंक जात नाही, आणि मसाल्याची पारख तर त्यांनाच. त्यांना तोंडी विचारावे, उत्तर मुलीने भरावे. मात्र ती उत्तरे वेगळी खूण करून ठेवावीत, कारण समोरासमोर माणूस जास्त गोड बोलतो.

नाव आणि मोबाईल नंबर गरज नसेल तर मागूच नका. व्यवसाय कुणाचा आणि माहिती कशासाठी हवी, हे फॉर्मच्या डोक्यावरच लिहा. लोकांनी दिलेली माहिती ही अमानत आहे. २०२३ साली तर देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. आणि आपल्याला आलेल्या एखाद्या ‘सर्व्हे’त बक्षिसाचे आमिष दाखवून ओटीपी किंवा बँक खाते विचारले, तर तो सर्व्हे नव्हे, ठगी आहे. लगेच बंद करा.

उत्तरे आली की गूगल फॉर्म स्वतःच रंगीत वर्तुळे काढून देतो. पोरी त्यांवर खूश होतात. आम्ही त्यांना शेवटचा रकाना आधी वाचायला सांगतो, जिथे लोक मनाने चार शब्द लिहितात. बाटली बॅगेत सांडेल का, झाकण घट्ट आहे का, कोल्हापूरपर्यंत टिकेल का, असे प्रश्न वर्तुळात दिसत नाहीत. तिथेच दिसतात.