कुत्र्या-मांजराला धाप लागतेय? झोपेतले श्वास मोजा, धोका वेळीच ओळखा

उन्हातून फिरून आलेला कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही; धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. पण तोच कुत्रा पंख्याखाली स्वस्थ बसून बराच वेळ धापा टाकत राहिला, किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर 'उद्या बघू' म्हणणे जिवावर बेतू शकते.

श्वास कसे मोजायचे?

प्राणी शांत झोपलेला असताना छातीकडे पाहा. छाती एकदा वर जाऊन खाली आली, की एक श्वास. मोबाइलवर ३० सेकंदांचा टायमर लावा आणि आलेला आकडा दुप्पट करा. झोपेतला हा आकडा साधारणपणे मिनिटाला ३० च्या आत असतो. तो जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. स्वप्नात पाय हलत असताना किंवा मांजर घुरघुरत असताना मोजू नका, आकडा चुकतो. वारंवार ३० च्या वर जात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ही लक्षणे दिसल्यास लगेच दवाखाना गाठा

• जीभ किंवा हिरड्या निळसर, राखाडी वा पांढरट होणे (हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहा)
• मान पुढे ताणून, कोपरे बाहेर काढून बसणे. आडवे व्हायला तयार नसणे
• प्रत्येक श्वासाला पोट जोराने आत-बाहेर होणे
• मांजराने तोंड उघडून श्वास घेणे
• अचानक कोसळणे

मांजराकडे जास्त लक्ष का?

मांजर आजार लपवते. छातीत पाणी साठले तरी ते फक्त कोपऱ्यात गप्प बसते आणि आपण 'सुस्तावलंय' म्हणतो. दम्याचा खोकलाही अनेकदा 'पोटातला केसांचा गोळा' समजून सोडून दिला जातो. खोकल्यानंतर गोळा पडत नसेल, तर तपासणी हवीच.

पग, बुलडॉग, शित्झू, पर्शियन अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांचा श्वासमार्ग अरुंद असतो. त्यांना उन्हाळा लवकर बाधतो. त्यांचे घोरणे गोंडस वाटले, तरी डॉक्टरांच्या कानावर घालावे.

वाटेत काय करावे, काय टाळावे?

निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करा. प्राण्याला हवेशीर, थंड ठेवा, हव्या त्या स्थितीत बसू द्या. तोंड बांधू नका, पट्टा गळ्यात घट्ट ठेवू नका, जबरदस्तीने पाणी पाजू नका. घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरासाठी विषच आहे. शक्य असल्यास दुसऱ्या कोणाला श्वासाचा छोटा व्हिडिओ काढायला सांगा, निदानाला मदत होते.

आज प्राणी ठणठणीत असतानाच त्याचे झोपेतले श्वास मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. उद्या शंका आलीच, तर तुलनेला तोच आकडा कामी येईल.