थायरॉइड अल्पक्रियता आणि लोहन्यूनता

थायरॉइड अल्पक्रियता आणि लोहन्यूनता हे दोन स्वतंत्र विकार असून ते एकाच व्यक्तीत, विशेषतः प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये, पुष्कळदा एकत्र आढळतात. मानेच्या पुढील भागातील अवटू ग्रंथी (थायरॉइड) शरीराच्या गरजेइतके संप्रेरक तयार करू शकत नाही, त्या स्थितीस थायरॉइड अल्पक्रियता म्हणतात. शरीरातील लोहाचा साठा गरजेपेक्षा कमी होणे म्हणजे लोहन्यूनता. हे दोन विकार एकमेकांना खतपाणी घालतात. लोहाअभावी अवटू ग्रंथीतील संप्रेरकनिर्मिती मंदावते, तर संप्रेरकाअभावी रक्तनिर्मिती मंदावते आणि मासिक पाळीतील रक्तस्राव वाढू शकतो. शिवाय लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतल्यास दुसरीचे शोषण कमी होते. त्यामुळे दोन्ही विकार असलेल्या रुग्णात औषधांच्या मात्रेइतकेच महत्त्व ती घेण्याच्या वेळांना असते.

प्रसार

भारतातील आठ शहरांत करण्यात आलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात तपासलेल्या ५,३७६ प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के व्यक्तींत थायरॉइड अल्पक्रियता आढळली. या शहरांत मुंबईचा समावेश होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय (ॲनिमिया) होता. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी लोहन्यूनता हे त्यांतील प्रमुख कारण आहे. दोन्ही विकार इतके सर्वसामान्य असल्यामुळे केवळ योगायोगानेही ते अनेक व्यक्तींत एकत्र येतात. परंतु त्यांच्यात शरीरक्रियात्मक संबंधही आहे.

परस्परसंबंध

लोहाचा थायरॉइडवरील परिणाम

अवटू ग्रंथी आयोडीन वापरून मुख्यतः थायरॉक्सिन (टी४) आणि अल्प प्रमाणात ट्रायआयोडोथायरोनिन (टी३) ही संप्रेरके तयार करते. आयोडीन प्रथिनाला जोडण्याचे काम थायरॉइड पेरॉक्सिडेज या विकराकडे असते. हा विकर हीमयुक्त आहे, म्हणजेच त्याच्या रचनेत लोह असते. लोहन्यून आहार दिलेल्या उंदरांमध्ये या विकराची क्रियाशीलता घटलेली आढळली आहे.

मानवातील महत्त्वाचा पुरावा पश्चिम आफ्रिकेतील कोत दिव्हार (आयव्हरी कोस्ट) या देशातून मिळाला. तेथील गलगंड झालेल्या मुलांना आयोडीनयुक्त तेल दिले असता, रक्तक्षय असलेल्या मुलांत गलगंड कमी होण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा कमी राहिले. पुढे त्या मुलांना लोह दिल्यावर आयोडीनचा परिणाम सुधारला. म्हणजेच आयोडीन पुरेसे मिळत असूनही लोहाअभावी त्याचा पूर्ण उपयोग होत नाही.

थायरॉइडचा रक्तावरील परिणाम

थायरॉइड संप्रेरके मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या निर्मितीस आणि अस्थिमज्जेतील तांबड्या पेशींच्या निर्मितीस चालना देतात. संप्रेरके कमी पडली की चयापचय मंदावतो, ऊतींची प्राणवायूची गरज घटते आणि रक्तनिर्मितीही मंदावते. त्यामुळे थायरॉइड अल्पक्रियतेत लोहाचा साठा पुरेसा असतानाही रक्तक्षय होऊ शकतो. अशा रक्तक्षयात तांबड्या पेशींचा आकार बहुधा सामान्य किंवा किंचित मोठा असतो. लोहन्यूनतेत मात्र तो लहान होतो. दोन्ही विकार एकत्र असल्यास हे चित्र संमिश्र होते.

थायरॉइड अल्पक्रियतेमुळे काही स्त्रियांत मासिक पाळीच्या वेळी जास्त रक्तस्राव होतो. हे कारण ओळखले न गेल्यास लोहाच्या गोळ्या घेऊनही साठा भरून येत नाही.

सामाईक कारणे

आयोडीनचा पुरवठा पुरेसा असलेल्या प्रदेशांत थायरॉइड अल्पक्रियतेचे सर्वाधिक आढळणारे कारण हाशिमोटो विकार हे आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवटू ग्रंथीवर हल्ला करते. अशा रुग्णांत दोन अन्य स्वप्रतिरक्षित विकार सर्वसामान्य लोकांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात. पहिला, जठराच्या अस्तराचा स्वप्रतिरक्षित दाह. त्यात जठरातील आम्ल कमी होऊन लोह व जीवनसत्त्व ब१२ यांचे शोषण बिघडते. दुसरा, सिलिॲक विकार. त्यात गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. या दोन्ही विकारांत थायरॉइडच्या औषधाचे शोषणही कमी होऊ शकते. त्यामुळे औषधाची मात्रा वाढवूनही तपासणीत सुधारणा न दिसणे आणि लोह घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणे या दोन गोष्टी एकत्र आढळल्यास पचनमार्गाची तपासणी केली जाते.

लक्षणे

थकवा, थंडी सहन न होणे, केस गळणे, त्वचा कोरडी पडणे, नखे ठिसूळ होणे, एकाग्रता कमी होणे आणि श्रमाने दम लागणे ही लक्षणे दोन्ही विकारांत आढळतात. वजन वाढणे, बद्धकोष्ठता, आवाज घोगरा होणे, चेहऱ्यावर सूज येणे व नाडी मंदावणे ही लक्षणे थायरॉइड अल्पक्रियतेकडे निर्देश करतात. छातीत धडधडणे, नखे चमच्यासारखी खोलगट होणे, तसेच माती, खडू किंवा बर्फ खाण्याची इच्छा होणे ही लोहन्यूनतेची लक्षणे होत.

या साधर्म्यामुळे एका विकाराचे निदान झाले की उरलेली सर्व लक्षणे त्याच्याच माथी मारली जाण्याचा धोका असतो. थायरॉइडची तपासणी सामान्य पातळीवर येऊनही थकवा कायम राहिल्यास लोहाचा साठा तपासणे उपयुक्त ठरते. केवळ लक्षणांच्या आधारे थायरॉइडच्या औषधाची मात्रा वाढवल्यास हृदयाची लय बिघडणे व हाडे ठिसूळ होणे हे धोके संभवतात.

निदान

थायरॉइड अल्पक्रियतेचे निदान रक्तातील टीएसएच (थायरॉइड-उद्दीपक संप्रेरक) व मुक्त टी४ यांच्या पातळीवरून करतात. ग्रंथी कमी पडू लागली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अधिक टीएसएच सोडते. टीएसएच वाढलेले परंतु टी४ सामान्य, अशा स्थितीस उपनैदानिक थायरॉइड अल्पक्रियता म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये हिमोग्लोबिन प्रति डेसीलिटर १२ ग्रॅमपेक्षा आणि प्रौढ पुरुषामध्ये १३ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. हिमोग्लोबिन घटणे ही मात्र लोहन्यूनतेची उशिराची पायरी आहे. त्यापूर्वी फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाची रक्तातील पातळी उतरते. निरोगी प्रौढात फेरिटिन प्रति लिटर १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असणे हे साठा संपल्याचे लक्षण मानले जाते. शरीरात संसर्ग किंवा दाह असल्यास फेरिटिन वाढते व साठा पुरेसा असल्याचा चुकीचा समज होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णांत संघटनेने ७० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे.

तांबड्या पेशी लहान असणे म्हणजे लोहन्यूनताच, असे नसते. थॅलॅसेमियाच्या वाहकांमध्येही त्या लहान असतात आणि त्यांना गरज नसताना दीर्घकाळ लोह देणे अयोग्य ठरते. महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल आजारही आढळतो. त्यामुळे रक्तक्षयाचे कारण निश्चित करताना या शक्यता पडताळल्या जातात.

उपचार

लेव्होथायरॉक्सिन

थायरॉइड अल्पक्रियतेवरील प्रमाणित उपचार म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, अर्थात कृत्रिमरीत्या तयार केलेले टी४. ग्रंथीचे कार्य जवळजवळ पूर्ण थांबलेल्या प्रौढास दररोज शरीराच्या प्रति किलोग्रॅम वजनामागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम मात्रा लागते. वृद्ध, हृदयविकार असलेल्या किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्या रुग्णांत ती अल्प मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, कारण चयापचय एकाएकी वाढल्यास हृदयावर ताण येतो.

ही गोळी सकाळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या ३० ते ६० मिनिटे आधी घेतली जाते. चहा व कॉफीदेखील हे अंतर राखूनच घेणे योग्य ठरते. सकाळी हे जमत नसल्यास रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घेण्याचा पर्याय असतो. नेदरलँड्समध्ये झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रात्रीच्या गोळीचा परिणाम सकाळच्या गोळीपेक्षा कमी आढळला नाही.

लोह

लोहन्यूनतेत फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट यांसारखे क्षार तोंडावाटे देतात. लोहाचा एक डोस घेतल्यावर यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक अधिक स्रवते आणि सुमारे एक दिवस पुढील लोहाचे शोषण कमी राहते. स्वित्झर्लंडमधील लोहन्यून स्त्रियांवर झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दररोजच्या गोळीपेक्षा एक दिवसाआड दिलेल्या गोळीतील लोहाचा अधिक अंश शोषला गेला. बद्धकोष्ठता, मळमळ व काळे शौच हे या गोळ्यांचे नेहमीचे परिणाम आहेत. थायरॉइड अल्पक्रियतेत बद्धकोष्ठता आधीच असल्याने अनेक रुग्ण लोहाची गोळी मध्येच सोडतात. अशा वेळी क्षार किंवा मात्रा बदलली जाते. तोंडावाटे दिलेले लोह सोसत नसल्यास किंवा शोषले जात नसल्यास ते शिरेवाटे देता येते.

हिमोग्लोबिन सामान्य झाल्यानंतरही साठा भरून येण्यासाठी सुमारे तीन महिने लोह चालू ठेवतात. उपनैदानिक थायरॉइड अल्पक्रियता व लोहन्यूनताजन्य रक्तक्षय एकत्र असलेल्या रुग्णांवर तुर्कस्तानात झालेल्या एका चाचणीत केवळ लोहापेक्षा लोह व लेव्होथायरॉक्सिन दोन्ही दिलेल्या गटात हिमोग्लोबिन अधिक वाढले.

दोन गोळ्यांमधील अंतर

लोह आतड्यात लेव्होथायरॉक्सिनशी संयोग पावून न शोषला जाणारा पदार्थ तयार करते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ रुग्णांना १२ आठवडे थायरॉक्सिनबरोबरच फेरस सल्फेट दिले असता त्यांचे सरासरी टीएसएच १.६ वरून ५.४ वर गेले. कॅल्शियमच्या गोळ्या व ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशकेही शोषणात असाच अडथळा आणतात. म्हणून लेव्होथायरॉक्सिन आणि यांपैकी कोणतेही औषध यांत किमान चार तासांचे अंतर ठेवले जाते. लोह असलेल्या बहुजीवनसत्त्व गोळ्यांनाही हाच नियम लागू पडतो, मात्र त्यांकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता अधिक असते.

गर्भावस्था

गर्भावस्थेत हा प्रश्न सर्वांत नाजूक होतो. गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी पुरेशी कार्यक्षम होईपर्यंत, म्हणजे साधारणतः गर्भावस्थेच्या पहिल्या निम्म्या काळात, त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी मातेच्या संप्रेरकावर भिस्त असते. याच काळात मातेची थायरॉक्सिनची गरज वाढते. आधीपासून औषध घेणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांत मात्रा २५ ते ५० टक्क्यांनी वाढवावी लागते.

भारतातील ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार (२०१८) गर्भवतीस दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस दररोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. त्यासोबत कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या असतात. कॅल्शियममुळे लोहाचे शोषणही घटत असल्याने ती दोन एकत्र घेतली जात नाहीत. थायरॉइड अल्पक्रियता असलेल्या गर्भवतीस अशा प्रकारे दिवसभरात तीन प्रकारच्या गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्याव्या लागतात. त्यांची एक शक्य मांडणी पुढीलप्रमाणे:

- सकाळी ६ वाजता, रिकाम्या पोटी: लेव्होथायरॉक्सिन
- सकाळी ७ नंतर: चहा, न्याहारी
- दुपारी १ वाजता, जेवणासोबत: कॅल्शियम
- सायंकाळी ५ वाजता, लिंबू सरबतासोबत: लोह व फॉलिक आम्ल
- रात्री ९ वाजता, जेवणासोबत: कॅल्शियम

लोहाच्या भीतीने थायरॉइडची गोळी किंवा थायरॉइडच्या गोळीसाठी लोह बंद करणे हे दोन्ही माता व गर्भ यांना अपायकारक ठरू शकते.

इतर पोषकद्रव्ये

- जीवनसत्त्व ब१२: याच्या कमतरतेनेही थकवा, हातापायांना मुंग्या व रक्तक्षय होतो. हे जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिजन्य पदार्थांत असते. पुणे परिसरातील ४४१ पुरुषांवर चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींत त्याची पातळी कमी आढळली. केवळ फॉलिक आम्ल दिल्यास रक्तक्षय सुधारतो, परंतु ब१२ अभावी होणारी मज्जातंतूंची हानी चालू राहू शकते.
- आयोडीन: प्रौढास दररोज १५० मायक्रोग्रॅम आणि गर्भवतीस २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. आयोडीनयुक्त मिठातून प्रौढाची गरज सहसा भागते. हाशिमोटो विकारात समुद्री शेवाळाच्या गोळ्यांसारख्या स्रोतांतून अतिरिक्त आयोडीन घेतल्यास ग्रंथीचे कार्य अधिक बिघडू शकते.
- सेलेनियम: टी४ चे अधिक क्रियाशील टी३ मध्ये रूपांतर करणारे विकर सेलेनियमयुक्त असतात. काही चाचण्यांत सेलेनियममुळे प्रतिपिंडांची पातळी घटली, तरी त्याने लेव्होथायरॉक्सिनची गरज टळत नाही. अतिसेवन विषारी ठरते.
- बायोटिन: केस व नखांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत याची मात्रा मोठी असते. काही प्रयोगशाळांतील तपासणी पद्धतींत त्यामुळे टीएसएच खोटे कमी व टी४ खोटे जास्त दिसते. म्हणून तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ते थांबवतात.

आहार

मांस, मासे व यकृत यांतील हीमयुक्त लोह सहज शोषले जाते. पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी, तीळ व हळीव यांतील लोह त्या मानाने कमी शोषले जाते. क जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते. पोह्यांवर लिंबू पिळणे, उसळीसोबत कोशिंबीर खाणे किंवा आवळा घेणे या प्रचलित सवयी त्या दृष्टीने उपकारक आहेत. याउलट जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतलेल्या चहातील पॉलिफेनॉल लोहाचे शोषण रोखतात. मोड आणल्याने व आंबवल्याने धान्यातील फायटेट कमी होते. लोखंडी कढईत शिजवलेल्या, विशेषतः आंबट, पदार्थांत लोहाचा अंश वाढतो. मात्र साठा पूर्ण रिता झाल्यावर तो केवळ आहाराने भरून काढणे कठीण असते.

कोबी, फ्लॉवर, मोहरी यांत आयोडीनच्या वापरात अडथळा आणणारी द्रव्ये असतात. बाजरीतही अशी द्रव्ये असून सुदानमधील दार्फूर भागातील गलगंडाशी त्यांचा संबंध जोडला गेला आहे. तेथे बाजरी हे मुख्य अन्न होते. आयोडीन पुरेसे मिळत असताना शिजवलेल्या कोबी-फ्लॉवरने किंवा मिश्र आहारातील बाजरीच्या भाकरीने अपाय होत असल्याचा पुरावा नाही. सोयाबीनचे पदार्थ लेव्होथायरॉक्सिनचे शोषण घटवू शकतात, म्हणून ते गोळीच्या वेळेपासून दूर ठेवतात.

पाठपुरावा

लेव्होथायरॉक्सिनचा शरीरातील अर्धायुकाल सुमारे सात दिवस असल्याने मात्रा बदलल्यानंतर टीएसएचची तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी करतात. स्थिर मात्रा असलेल्या रुग्णात लोह किंवा कॅल्शियम नव्याने सुरू केल्यास किंवा बंद केल्यासही ही तपासणी पुन्हा केली जाते. टीएसएच अनपेक्षितपणे वाढल्यास मात्रा वाढवण्यापूर्वी गोळ्यांच्या वेळा पडताळणे आवश्यक ठरते. अन्यथा, पुढे लोह थांबवल्यावर तीच वाढवलेली मात्रा अतिरिक्त ठरू शकते. पुरुषांत व रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत लोहन्यूनता आढळल्यास ती थायरॉइडवर न ढकलता जठर व आतड्यातील रक्तस्रावाचा शोध घेणे आवश्यक मानले जाते.

हे सुद्धा पाहा

- अवटू ग्रंथी
- गलगंड
- रक्तक्षय
- जीवनसत्त्व ब१२
- आयोडीनयुक्त मीठ