पुराची सूचना व मदत शेवटच्या घरापर्यंत

गोंदिया जिल्हा हा धानाचा व तलावांचा जिल्हा होय. ज्या वैनगंगेच्या काठी येथील बांध्या पिकतात, तीच नदी प्रसंगी उभे पीक हिरावून नेते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, संजय सरोवरातून मोठा विसर्ग करावा लागला आणि रोवणी आटोपलेली शेते व नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली.

वैनगंगेचा उगम सिवनी जिल्ह्यात आहे. त्यामुळे आपल्या गावी पाऊस उघडलेला असतानाही पूर येऊ शकतो. अशा वेळी वरच्या भागातून येणारी सूचना हाच खरा आधार. ती आता भ्रमणध्वनीवर येते. परंतु ज्याच्यापाशी तो नाही, ज्याला वाचता येत नाही किंवा जो रात्री झोपेत आहे, त्याला ती कशी कळावी? यंत्र सूचना देते. ती घरोघरी पोचविणे हे मात्र माणसाचेच काम आहे.

यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी पुढील तयारी करावी.

१. नदीकाठच्या घरांची यादी करून वृद्ध, अपंग व एकट्या राहणाऱ्यांची नावे वेगळी नोंदवावीत.

२. प्रत्येक वस्तीसाठी दोन जबाबदार माणसे नेमावीत. सूचना येताच त्यांनी ध्वनिक्षेपकावरून वा दवंडीने ती सर्वांस कळवावी.

३. उंचावरील निवाऱ्याची जागा व तेथे जाण्याची वाट आधीच ठरवावी.

मदतीविषयीही हेच म्हणावे लागेल. पिकाचे ३३ टक्के वा अधिक नुकसान पंचनाम्यात आढळल्यास शासकीय मदत देय होते. राज्यात २०२३ पासून ही रक्कम संगणकीय प्रणालीद्वारे थेट आधार-संलग्न बँक खात्यात जमा करण्याची पद्धत सुरू झाली. हेलपाटे वाचावेत हा तिचा लाभ. तथापि आधारवरील व बँकेतील नाव न जुळणे, खाते संलग्न नसणे, वारसनोंद राहून जाणे, किंवा कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राने न ओळखणे, एवढ्या कारणानेही रक्कम अडकते. सामाईक खातेदारांत संमतीपत्र नसले तरी तोच प्रकार घडतो.

म्हणून शेतकरी बंधूंनी या त्रुटी पूर येण्यापूर्वीच दूर कराव्यात. प्रमाणीकरणासंबंधी चालू हंगामाचे आदेश महसूल कार्यालयातून समजून घ्यावेत. कार्यकर्त्यांनी याद्या चावडीवर वाचून दाखवाव्यात आणि ज्यांची रक्कम अडकली त्यांच्या घरी स्वतः जावे. ज्याचे नाव यादीत आहे पण हाती पैसा नाही, त्याच्या दृष्टीने मदत अद्याप आलेलीच नसते.