रोधकता सांगते पोलादाचे आतले हाल

कमी कार्बनच्या पोलादाची तार 700 अंश सेल्सिअसवरून थेट पाण्यात बुडवली, की कार्बन आणि नायट्रोजनचे अणू लोखंडाच्या जाळीत अडकतात. त्या तापमानालाही त्यात जेमतेम 0.02 टक्के कार्बन विरघळतो. थंड झाल्यावर तर जवळजवळ नाहीच. मग हे अणू हळूहळू बाहेर पडून कार्बाइड आणि नायट्राइडचे कण बनवतात आणि विद्युत रोधकता घटते. हेच एजिंग.

घट किरकोळ असते. म्हणून तार उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवून मोजतात. जाळीची थरथर मंदावते, अडकलेल्या अणूंचा वाटा उघड होतो. बाहेरच्या दोन जोडण्यांतून प्रवाह, आतल्या दोनवर व्होल्टेज: एवढ्या साध्या मांडणीतून अणूंची हालचाल कळते, याचे खरोखर कौतुक वाटते.

अ‍ॅल्युमिनियम नायट्रोजनला, टायटॅनियम कार्बनलाही आधीच बांधून टाकते. मग रोधकता फारशी हलत नाही. मँगेनीज ही प्रक्रिया रेंगाळवते.

सिलिकॉन मात्र विरघळलेलेच राहते. 3 टक्के सिलिकॉनने रोधकता चौपटीहून अधिक होते आणि ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याच्या पत्र्यातले भोवरी प्रवाह आटोक्यात येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रान्सफॉर्मरमध्ये सिलिकॉन पोलाद आले, ते यासाठीही. आधीच्या साध्या लोखंडी गाभ्यांत एजिंगमुळे वापरता वापरता वीजहानी वाढत जाई.