आधी डोकं, मग डोळे

“आई, हा बेडूक आहे का?”

खांद्यावरून डोकावत लेकीनं विचारलं आणि मी पटकन वही मिटली. तो बेडूक नव्हता हो! ती मुलगी होती. निदान मी तरी मुलगी काढायलाच बसले होते. मोठ्ठे डोळे, इवलंसं नाक, निमुळती हनुवटी, वाऱ्यावर उडणारे केस... जपानी चित्रकथांमध्ये असतात ना, तशी. या चित्रकथांना ‘मंगा’ म्हणतात. सासूबाईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पोथीतून मान वर करून विचारलं, “कोण मंगा? पलीकडच्या वाड्यातली का?”

पंचेचाळिशीला आलेल्या बाईनं पेन्सिल घेऊन जपानी मुली काढत बसावं, याचं घरात सगळ्यांना हसू येत होतं. मलाही येत होतं. पण त्यामागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेकीचं दहावीचं वर्ष. जानेवारीत प्रिलिमचा निकाल लागला आणि गणितात कसेबसे काठावरचे मार्क! मी तिचं दप्तर, कपाट सगळं उपसलं. त्यात दोन शंभर पानी वह्या सापडल्या. पुढून कोऱ्या, पण मागच्या बाजूनं चित्रांनी भरलेल्या. चेहरे, डोळे, हात, चौकटी, मध्येमध्ये काहीबाही लिहिलेलं. “अभ्यासाच्या वेळेत हे धंदे चालतात का?” म्हणत मी त्या वह्या रद्दीच्या गठ्ठ्यात टाकल्या. रविवारी रद्दीवाला येऊन गठ्ठा घेऊन गेला. ती रडली नाही, भांडली नाही. मला वाटलं, तिला पटलं असेल. पुढे परीक्षा झाली, छान मार्क मिळाले, पेढे वाटले. ‘आई खंबीर होती म्हणून हे झालं,’ असं नातेवाईक म्हणाले, तेव्हा मी मनातून सुखावलेसुद्धा.

त्यानंतर ती घरात ‘हं’, ‘बघू’, ‘माहीत नाही’ एवढ्यावरच आली. वयच तसं आहे, अशी मी माझी समजूत घातली.

गेल्या पावसाळ्यात मात्र एक गोष्ट घडली. दर शनिवारी मी जवळच्या वस्तीतल्या मुलींच्या अभ्यासिकेत जाते. तिथं सातवीतली एक मुलगी वही घेऊन आली. तलवार धरलेला, ताठ केसांचा एक मुलगा तिनं काढला होता. “ताई, मूठ जमत नाही. कशी काढायची?” मी म्हटलं, “थांब हं, माझी मुलगी सुंदर काढते. तिला विचारून सांगते.”

घरी येऊन विचारलं. “मी आता नाही काढत,” एवढंच उत्तर आलं.

“कधीपासून?”

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला कळायचं ते कळलं.

तिला ‘पुन्हा काढ’ म्हणायला मला तोंड नव्हतं. म्हणून मग मीच शिकायचं ठरवलं.

आता माझा आणि चित्रकलेचा छत्तीसचा आकडा. शाळेत चित्रकलेच्या तासाला माझ्या पोटात गोळा यायचा. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी आणि काठावर झोपडी यापलीकडे माझं निसर्गचित्र कधी गेलं नाही. एकदा सरांनी माझा कागद सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवला होता, तोही हसण्यासाठी. त्या दिवसापासून ‘आपला हातच नाही’ हे मी पक्कं करून टाकलं. वाणसामानाच्या यादीशिवाय पेन्सिल हातात घेतली नाही.

दुकानातून कोऱ्या पानांची वही, एचबी पेन्सिल आणि खोडरबर आणलं. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहिले, वाचनालयातून एक पुस्तक मिळवलं. मंगाची सगळी जादू डोळ्यांत, असं वाटून मी रोज डोळ्यांपासूनच सुरुवात करत होते. पहिला डोळा अर्धा तास खपून काढायचा, पापण्या, बुबुळ, चमक सगळं. दुसरा त्याच्याशी जुळायचाच नाही. मग त्यांच्याभोवती चेहरा बसवायला जावं, तर कपाळाला जागाच उरायची नाही. त्यातूनच तो बेडूक जन्माला आला होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी लेक पुन्हा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “पान उलटं करून उजेडाला धर.” मी खिडकीशी धरलं. मागच्या बाजूनं पाहिल्यावर माझी नायिका अशी काही वाकडी दिसली म्हणता! एक डोळा गालावर घसरलेला, हनुवटी भलतीकडेच. सरळ बघून बघून आपल्या नजरेला चूक सवयीची होते, उलटं केलं की ती लगेच दिसते. जपानमधले मुरलेले चित्रकारही असंच तपासून पाहतात, ही माहिती तिनंच दिली. आणि जाता जाता म्हणाली, “डोळे आधी काढू नकोस. आधी डोकं, मग डोळे.”

कित्येक महिन्यांत तिनं माझ्याशी बोललेली ही सगळ्यात लांब वाक्यं होती!

मग मी रीतसर सुरुवात केली. आधी हलक्या हातानं एक गोल, ती कवटी. खाली निमुळता जबडा. मधोमध एक उभी रेष, म्हणजे चेहरा कुठे वळलाय ते ठरतं. मग एक आडवी रेष, त्यावर डोळे. डोळे कपाळाखाली लगेच नसतात बरं का, डोक्याचा माथा आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर असतात. मंगात तर थोडे खालीच. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढं अंतर. वरची पापणी जाड, करंजीच्या काठासारखी, खालची अगदी पुसट. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला, नाहीतर माणूस दचकल्यासारखा दिसतो. चमकेचे पांढरे ठिपके दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, कारण उजेड एकाच बाजूनं येतो ना. नाक म्हणजे एक टिंब, तोंड म्हणजे एक छोटी रेष. केस कवटीला चिकटवायचे नाहीत, थोडे वर उचलून झुबक्यांनी काढायचे. आणि सगळं झाल्यावर ते गोल आणि रेषा खोडून टाकायच्या.

हे करताना एकदम लक्षात आलं, अरे, हे तर मला येतं! दारात ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण काय करतो? आधी ठिपके, मग रेषा. कुणी थेट कमळाच्या पाकळीपासून सुरुवात करतं का? तीस वर्षं ‘माझा हात नाही’ म्हणणारी मी दर दिवाळीत मोठमोठ्या रांगोळ्या काढत होते, आणि त्याला चित्र म्हणायचं मला कधी सुचलंच नाही.

अंग काढायचं मापही असंच सोपं. डोकं हेच एकक. खरा मोठा माणूस सुमारे साडेसात डोकी उंच भरतो. मंगातला ऐटबाज नायक सात-आठ डोक्यांचा, आणि दोन-तीन डोक्यांत सगळा माणूस बसवला की गोंडस ‘चिबी’ तयार. आपल्याकडच्या मूर्तिशास्त्रातही चेहऱ्याच्या लांबीला ‘ताल’ मानून मूर्तीची उंची मोजतात. माणसाला माणसाच्याच मापानं मोजायची ही युक्ती मला फार आवडली.

हात शिकता शिकता डोकंही चालायला लागलं. हे मोठे डोळे आले तरी कुठून? ओसामु तेझुका (१९२८-१९८९) या चित्रकाराचं नाव सगळीकडे सापडलं. शिक्षणानं डॉक्टर, पण रमले चित्रांत. डिस्नेच्या चित्रपटांचं त्यांना वेड. शिवाय बालपण गेलं ताकाराझुका गावात, जिथं सगळ्या भूमिका बायकाच करतात अशी प्रसिद्ध नाटक मंडळी आहे. रंगमंचावर रंगवलेले ते ठसठशीत डोळे त्यांच्या मनात राहिले. मोठ्या डोळ्यांत भावना लांबूनही दिसते. याच तेझुकांनी १९७२ पासून अकरा वर्षं गौतम बुद्धांच्या जीवनावर मंगा काढली. आणि मंगाशी आपली ओळख नाही असं तरी कसं म्हणायचं? मुलांनी जेवताना पाहिलेले डोरेमॉन आणि शिनचॅन मूळचे मंगामधलेच. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर यायचा तो मोगलीसुद्धा १९८९ साली जपानमध्ये तयार झालेल्या मालिकेतला.

मला सगळ्यात जवळची वाटली ती माचिको हासेगावा. दुसरं महायुद्ध संपून वर्षही झालं नव्हतं, जपान उद्ध्वस्त झालेला, अशा वेळी १९४६ मध्ये या तरुणीनं फुकुओकाच्या एका वर्तमानपत्रात ‘साझाए-सान’ ही चार चौकटींची मालिका सुरू केली. नायिका कोण? एक धांदरट, मोकळ्या मनाची गृहिणी! घरात आईवडील, नवरा, लहान मूल, भावंडं. रेशनची रांग, माशांचा भाव, घरातली फजिती, बस्स. पुढे ती ‘असाही शिंबून’सारख्या मोठ्या दैनिकात गेली आणि १९७४ पर्यंत चालली. तिच्यावरची कार्टून मालिका १९६९ पासून टीव्हीवर आजही सुरू आहे. आणि हिरोमु आराकावा? होक्काइदोच्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी घरातली मुलगी. गाईगुरांचं करून मग चित्रकार झाली, ‘फुलमेटल अल्केमिस्ट’नं गाजली आणि स्वतःचं चित्र काढताना चष्मा लावलेली गाय काढते! हे वाचताना मला ‘हे धंदे’ हे माझेच शब्द आठवत होते.

मूठ शिकून मी अभ्यासिकेत गेले. आधी चौकोनी ठोकळा, मग त्यावर बोटं. त्या मुलीची मूठ माझ्यापेक्षा चांगली आली. मग सगळ्या जणी भोवती जमल्या. मी त्यांना मंगातल्या खुणा दाखवल्या. कपाळावरून ओघळणारा घामाचा थेंब म्हणजे ओशाळणं, गालावर तिरप्या रेघा म्हणजे लाज, कपाळावर उभ्या रेघा म्हणजे खिन्नता, आणि तट्ट फुगलेल्या शिरेची खूण म्हणजे राग. म्हटलं, आज आपापला चेहरा काढा. एरवी ‘कशी आहेस’ विचारलं की ‘बरी’ म्हणून मान खाली घालणाऱ्या एकीनं कपाळावर एक सोडून चार शिरा काढल्या. “एवढा राग कुणाचा गं?” तर म्हणाली, “भाऊ घरी असला तरी पाणी रोज मीच भरायचं.” त्या दिवशी गणित राहिलं, पण बोलणं झालं.

त्या रात्री घरी आल्यावर लेकीच्या शेजारी बसले. बरेच दिवस ओठांवर असलेलं बोलून टाकलं, “तुझ्या वह्या मी टाकायला नको होत्या. चुकलं माझं.”

ती माझ्याच चित्रातली एक रेष खोडत होती. खोडत राहिली. मग हळूच म्हणाली, “दुसऱ्या वहीत गोष्ट होती. चाळीस पानं झाली होती.”

“पण त्या वह्या तर मागून...” मी म्हणाले आणि थांबले. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्या दृष्टीनं जे वहीचं शेवटचं पान, ते मंगाचं पहिलं पान. आपण ज्याला वहीच्या मागं खरडलेलं समजलो, ती तिच्या गोष्टीची सुरुवात होती. आणि मी ती उघडून वाचलीही नव्हती.

“कसली गोष्ट होती?” मी विचारलं.

“आता नीट आठवत नाही,” ती म्हणाली. खरंच आठवत नसेल, किंवा मला सांगायची नसेल. तो तिचा हक्क आहे.

वाटलं होतं, माफी मागितली की सगळं पूर्वीसारखं होईल. तसं काही झालं नाही. ती वह्या भरून पुन्हा काढायला लागलेली नाही. पण माझ्या चित्रांतले हात ती दुरुस्त करते, चुका सांगताना हसते. परवा दुकानातून येताना एक खोडरबर घेऊन आली. स्वतःसाठी का माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

कात्सुशिका होकुसाई या थोर जपानी चित्रकारानं १८१४ पासून रेखाटनांची पुस्तकं काढली, त्यांना ‘मंगा’च म्हणतात. पंचाहत्तरीच्या सुमारास त्यानं लिहून ठेवलं की सत्तरीआधी काढलेलं काही मोजण्यासारखं नाही, त्र्याहत्तराव्या वर्षी कुठे थोडं समजायला लागलं. तो सत्तरीत शिकत होता, तर आपली पंचेचाळिशी म्हणजे बालवाडीच की!

पण मैत्रिणींनो, चित्र शिका किंवा शिकू नका. आता परीक्षा जवळ येतील, आपण पोरांची कपाटं उपसू, एखादी वही हाताला लागेल. रागवायचं तर जरूर रागवा. फक्त रद्दीत टाकण्याआधी ती एकदा उघडून बघा. पुढून नाही, तर मागून.